पूर्णत्वाचा हक्क : पुनःप्रकाशित ध्वनिमुद्रिका आणि संहितेची नीती

१

कलाकृती पूर्ण झाली असे केव्हा म्हणावयाचे, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. कवी आपल्या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द बदलतो, कादंबरीकार वगळलेले प्रकरण पुन्हा घालतो, संपादक दिवंगत लेखकाच्या वह्या उघडतो. अशा प्रत्येक वेळी हा प्रश्न उभा राहतो. बहुधा तो संपादनशास्त्राचा तांत्रिक प्रश्न समजून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात तो नैतिक प्रश्न म्हणून विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण साहित्याबाहेरचे आहे : १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये बहरलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारातील गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या डीलक्स आवृत्त्या.

हे उदाहरण मुद्दाम घेण्याचे कारण असे की, पूर्णत्वाचा दावा या संगीताने जितक्या आग्रहाने केला तितका लोकप्रिय संगीताच्या दुसऱ्या कोणत्याही प्रकाराने क्वचितच केला असेल. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट त्याने मोडली आणि एल.पी. तबकडीच्या दोन बाजू हाच रचनेचा अवकाश मानला. ‘येस’ या गटाच्या ‘क्लोज टू द एज’ (१९७२) मधील शीर्षकरचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. ‘जेथ्रो टल’च्या ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) मध्ये एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरलेली आहे. सुटे गाणे हे येथे एकक नाही. अल्बम हे एकक आहे. स्फुट कविता आणि खंडकाव्य यांत जो भेद आपण करतो त्याच जातीचा हा भेद होय.

आणि नेमक्या याच कृती आज सर्वाधिक वेळा पुन्हा उघडल्या जात आहेत. चाळिसावे वर्ष, पन्नासावे वर्ष अशी निमित्ते घेऊन त्यांचे भारी संच निघतात. त्यांत मूळ ध्वनीचे नव्याने केलेले संस्करण असते, पूर्णपणे नवे मिश्रण असते, पाच-सहा ध्वनिवर्धकांसाठी केलेली सभोवार ध्वनीची आवृत्ती असते, टाकून दिलेली मुद्रणे असतात, मैफलींची मुद्रणे असतात, छायाचित्रांचे पुस्तक असते. चाळीस मिनिटांच्या कृतीभोवती कित्येक तासांचा ऐवज जमा होतो. ज्या कृतीचे सांगणेच ‘मी एवढीच आहे’ असे होते, तिला ‘तू एवढीच नाहीस’ असे सांगणारी ही प्रथा आहे. तिच्यात लाभ कोणाचा आणि हानी कोणाची, हे पाहावयाचे आहे.

२

प्रथम ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे ते ठरवले पाहिजे. नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात कलांचे दोन वर्ग केले. चित्रासारख्या कलेत मूळ वस्तू आणि तिची हुबेहूब नक्कल यांतील भेद निर्णायक ठरतो. साहित्य किंवा स्वरलिपीत लिहिलेले संगीत यांत तसे नसते. कवितेची अचूक प्रत म्हणजे कविताच. रॉक संगीताचा या मांडणीला अडसर होतो. येथे स्वरलिपी दुय्यम असते, मैफलही दुय्यम असते. थिओडोर ग्रेसिक यांनी ‘रिदम अँड नॉइझ’ (१९९६) मध्ये दाखवल्याप्रमाणे ध्वनिमुद्रण हीच येथील मूळ कृती होय. तबकडीच्या लाखो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत तितकीच अस्सल असते. पण त्या प्रती ज्या फितीवरून निघतात ती फीत मात्र एकमेव, जुनी होणारी, हरवू शकणारी वस्तू असते. म्हणजे ही कला एका टोकाला पुस्तकासारखी आणि दुसऱ्या टोकाला पोथीसारखी आहे.

या पोथीलाही पदर आहेत. १९६९ मध्ये ‘किंग क्रिमझन’ या गटाने ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ ही आपली पहिली ध्वनिमुद्रिका तयार केली ती आठ मार्गांच्या फितीवर. आठ मार्ग अपुरे पडले की त्यांतील काही एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या मार्गांवर नवी वाद्ये भरावयाची, अशी त्या काळातील रीत होती. अशा प्रत्येक उतरवणीत थोडा खरखराट वाढे, थोडी स्पष्टता जाई. शेवटी सर्व मार्गांचे मिश्रण करून डाव्या-उजव्या दोनच वाहिन्यांची अंतिम फीत सिद्ध होई. कोणते वाद्य पुढे आणायचे, कोणते मागे ठेवायचे, गायकाच्या आवाजाला किती घुमारा द्यायचा, हे सारे या मिश्रणात ठरे. मिश्रण हे पाठाचे अंतिम लेखन होय. मल्टिट्रॅक फीत हा त्याचा खर्डा.

अंतिम फितीच्याही पुढे नकला होतात. ‘इन द कोर्ट’च्या बाबतीत पहिल्या पिढीची फीत अनेक वर्षे हाती नव्हती आणि त्या काळातील सीडी नकलेच्या नकलेवरून निघाल्या. ती सापडल्यावर २००४ मध्ये निघालेली आवृत्ती तिच्यावर आधारलेली होती. हस्तलिखितांचा वंशवृक्ष मांडणाऱ्या अभ्यासकाला यात काही अपरिचित वाटणार नाही.

३

मराठी अभ्यासकाला तर हा प्रदेश घरचाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली. तोवर प्रतींत अपपाठ आणि प्रक्षेप शिरले होते. ते काढून त्यांनी एक प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये असे बजावून ठेवले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. त्याचबरोबर हेही खरे की, एकनाथांची प्रत इतकी सर्वमान्य झाली की तिच्यापूर्वीचा पाठ जवळजवळ दिसेनासा झाला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या प्राचीनतेविषयी जे वाद झाले, त्यांची तीव्रता या हरवलेपणातूनच आली होती. एकनाथांनी काय काढले आणि काय ठेवले, हे तपासण्याचे साधन त्यांच्या प्रतीत नव्हते.

याउलट पद्धत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अवलंबली. १९१९ मध्ये आरंभ झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत वि. सी. सुखठणकर त्याचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीची संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी सापडत नाही. ज्या शब्दक्रमात ती छापली आहे त्या शब्दक्रमात ती पूर्वी कोणी वाचलीच असेल असे सांगता येत नाही. तरीही तिला प्रामाणिक म्हणावे लागते, कारण पृष्ठाच्या तळाशी आणि परिशिष्टांत वगळलेल्या पाठांचा हिशेब मांडलेला आहे. संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याला तो फिरवून पाहण्याची सोय संपादकानेच ठेवली आहे.

या दोन पद्धती डोळ्यांसमोर ठेवल्या की डीलक्स आवृत्त्यांतील भेद स्पष्ट होतो. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन आणि गटाचे संस्थापक-सदस्य रॉबर्ट फ्रिप यांनी ‘इन द कोर्ट’चे नवे मिश्रण केले. खर्ड्याच्या फितींकडे परत जाऊन केलेल्या या मिश्रणात वाद्ये अधिक सुटी, अधिक स्वच्छ ऐकू येतात. ‘मूनचाइल्ड’ या रचनेतील उत्स्फूर्त वादनाचा लांबलेला भाग मात्र नव्या मिश्रणात काही मिनिटांनी कापलेला आहे. ही कात्री मोठी आहे. पण त्याच आवृत्तीत त्या रचनेचा पूर्ण लांबीचा पाठ आहे आणि २००४ ची, जुन्या मिश्रणाची आवृत्तीही आहे. हा सुखठणकरांच्या कुळातील व्यवहार होय. ‘जेनेसिस’ या गटाच्या ध्वनिमुद्रिका २००७ पासून नव्या मिश्रणासह संचरूपाने निघाल्या. १९७० ते १९७५ या काळातील कृतींच्या संचात दोन वाहिन्यांचे नवे मिश्रण होते, सभोवार ध्वनीचे मिश्रण होते, मुलाखती होत्या. श्रोत्यांनी तीस वर्षे ऐकलेले मिश्रण तेवढे नव्हते. नवे मिश्रण चांगले की वाईट हा येथे गौण मुद्दा आहे. तुलनेचे साधनच संचातून वगळले गेले, हे महत्त्वाचे आहे.

४

यावर सरळ आक्षेप असा येईल की, कृती ज्याची त्याला ती बदलण्याचा अधिकार आहे. ‘जेनेसिस’चे नवे मिश्रण गटाच्या सदस्यांच्या संमतीने झाले, फ्रिप यांनी तर स्वतःचेच वादन कापले. परक्याने केलेली मोडतोड आणि कर्त्याने केलेली दुरुस्ती यांना एकाच मापाने कसे मोजावे?

कायद्याची भूमिका या आक्षेपाला पोषक आहे. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५७ कर्त्याला विशेष हक्क देते : हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या मोडतोडीविरुद्ध त्याला दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांच्या दिल्लीतील विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या प्रकरणात २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा हक्क ठामपणे मान्य केला. परंतु या कलमात रसिक कोठेच नाही. कर्त्याचा इतरांविरुद्ध हक्क त्यात आहे. कृतीचा कर्त्याविरुद्ध हक्क असू शकतो ही कल्पना कायद्याला ठाऊक नाही.

नीतीला ती ठाऊक असावयास हवी. रोलाँ बार्त यांनी ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित केला तो १९६७-६८ मध्ये, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या उदयाच्याच क्षणी. त्या घोषणेतील अतिशयोक्ती सोडली तरी एक गोष्ट उरतेच : कृती प्रसिद्ध झाली की तिचा अर्थ रसिकांच्या स्मृतीत घडू लागतो. १९६९ चा तरुण फ्रिप आणि २००९ चा वृद्धत्वाकडे झुकलेला फ्रिप या संहितेच्या दृष्टीने दोन व्यक्ती आहेत. दुसऱ्याला पहिल्याहून अधिक कळते हे शक्य आहे. पण पहिल्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. मधल्या चाळीस वर्षांत त्या कृतीत श्रोत्यांची गुंतवणूक झालेली असते.

आपल्याकडील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले आणि वर्षभर चालले. छप्पन्न गीतांची ती मालिका अनेक कंठांची होती : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे यांच्यासह कितीतरी गायकांनी वेगवेगळ्या पात्रांना आवाज दिला. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने घराघरांत पोहोचले ते फडके यांनी एकट्याने गायिलेले ‘गीतरामायण’. आज ‘गीतरामायण’ म्हटल्यावर बहुतेकांच्या कानात तेच वाजते. फडके यांचे गायन श्रेष्ठ आहे, आणि संगीतकार या नात्याने त्यांचा अधिकारही निःसंशय आहे. तरीही पहिल्या संहितेचे नाट्य अनेक व्यक्तींच्या अनेक स्वरांत होते. दुसऱ्या संहितेत ते एका कथाकाराच्या निवेदनात गेले. हे रूपांतर म्हणजे वेगळी कलाकृतीच होय. दुसरी कृती पहिलीची जागा घेते आणि घेतल्याची जाणीवही उरत नाही, तेव्हा कोणीही अपराधी नसताना एक हानी घडलेली असते. अपराधी नसलेल्या हानीचा विचार करणे हेच नीतीचे खरे अवघड काम आहे.

५

आता टाकलेल्या ऐवजाकडे वळू. ‘पिंक फ्लॉइड’ने १९७५ मध्ये ‘विश यू वेअर हिअर’ या रचनेसाठी प्रख्यात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचे वादन मुद्रित केले होते. अंतिम मिश्रणात ते जवळजवळ ऐकू न येण्याइतके मागे टाकले गेले, आणि पुढे ती फीत पुसली गेली असाच समज होता. २०११ च्या संचात व्हायोलिनसह ती रचना प्रसिद्ध झाली. ती ऐकताना आनंद होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मूळ रचनेत जो रितेपणा होता, जो तिच्या आशयाचाच भाग होता, तो या पाठात भरून जातो. व्हायोलिन सुंदर आहे म्हणूनच ते वगळणे ही निर्मिती होती. सुंदर नसलेले वगळण्यास कलावंत लागत नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांतील समतोलाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. समतोल हा घटकांच्या बेरजेतून येत नाही. कोठे थांबावयाचे या निर्णयातून येतो. कृतीच्या शेवटानंतर आणखी काही जोडले, तर मागचे सर्व घटक तसेच राहूनही त्यांचे परस्परांतील भार बदलतात.

याचा पडताळा मुंबईत तयार झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेवरून घेता येतो. १९६७ मध्ये एच.एम.व्ही.साठी शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काब्रा (गिटार) यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका सिद्ध केली. तबल्याची साथ माणिकराव पोपटकरांची होती. तिच्यामागे उभे होते जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन मराठी भावगीताच्या आरंभकाळी नाव मिळवलेले आणि पुढे ध्वनिमुद्रण कंपनीत अनेक दशके काम केलेले हे गृहस्थ. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस, अशी त्या मुद्रिकेची कल्पना. अहिर भैरव आणि नट भैरव यांनी पहाट होते, पिलूने दिवस चढतो. तबकडी उलटली की भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांच्या समयकल्पनेलाच कथानकाचे रूप दिलेले असल्यामुळे हा अल्बम म्हणजे शब्दांवाचून रचलेले एक आख्यान झाला. इंग्रजी रॉकमध्ये ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणून ज्याची चर्चा होते, त्याची आपल्या भूमीतील ही समकालीन सिद्धी होय.

१९९० च्या दशकात परदेशात निघालेल्या तिच्या सीडी-आवृत्तीत पहाडीनंतर आणखी तीन रचना जोडलेल्या आहेत. वादक तेच, दर्जा उत्तम. सीडीवर जागा शिल्लक होती आणि ग्राहकाला अधिक द्यावे हा हेतूही वाईट म्हणता येणार नाही. परंतु मेंढपाळाचा दिवस संपलेला असतो. त्यानंतर वाजणारा राग त्या दिवसाचा नाही, त्या खोऱ्याचा नाही. तो कथेबाहेरचा आहे. पहाडीनंतर येणारी शांतता ही त्या कृतीची शेवटची रचना होती, आणि तीच नव्या आवृत्तीतून गळाली. या आवृत्तीने मूळचा एकही स्वर बदललेला नाही. तरीही ती संहिताभंग करते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

६

असा भंग का होतो याची कारणे केवळ सौंदर्यदृष्टीच्या अभावात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाद्वारे ध्वनिमुद्रणांवरील हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे केली. पण मुद्रणानंतर पन्नास वर्षांत जे प्रसिद्धच झाले नाही त्याला ही वाढ मिळत नाही. परिणामी फडताळातील फिती मुदतीपूर्वी बाहेर काढण्याची घाई सुरू झाली. बॉब डिलन यांच्या १९६२ मधील अप्रकाशित मुद्रणांचा एक संच २०१२ च्या अखेरीस अगदी थोड्या प्रतींत निघाला, आणि त्याच्या उपशीर्षकातच ‘कॉपीराइट-विस्तार’ हे शब्द होते. कलावंताने टाकलेले मुद्रण प्रसिद्ध होते ते अनेकदा त्याच्या गुणांमुळे नव्हे, तर हक्क निसटेल या भीतीमुळे.

दुसरे कारण वस्तूच्या मोहाचे आहे. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, यांत्रिक प्रतिनिर्मितीमुळे कलाकृतीभोवतीचे एकमेवपणाचे वलय विरून जाते. डीलक्स संच हा ते वलय कारखान्यात पुन्हा बनवण्याचा प्रयत्न आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या (१९७३) २०११ मधील संचात तबकड्यांबरोबर एक गळपट्टा, पेले ठेवण्याच्या चकत्या आणि काचेच्या गोट्या होत्या. लोभ आणि वेड यांविषयी बोलणाऱ्या कृतीचा हा प्रसाद विचारात पाडणारा आहे.

प्रस्तुत लेखक ठाण्यातील माजिवड्यात राहतो. मुंबई–नाशिक महामार्गाला घोडबंदर रस्ता जेथे मिळतो तेथील ही वस्ती. जुन्या गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या आहेत. या भागातील ज्या पिढीने १९८० च्या दशकात हे संगीत ऐकले, तिच्यापैकी बहुतेकांनी ते कॅसेटवर ऐकले. कोणी तरी लोकलने व्ही.टी.ला उतरून काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून एक कॅसेट आणावी आणि ती मित्रमंडळीत नकलून घेतली जावी, हा परिपाठ होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर एक एल.पी. सहज मावे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आज त्याच श्रोत्याला परदेशातून संच मागवता येतो. पण सभोवार ध्वनीसाठी लागणारे पाच-सहा ध्वनिवर्धक मांडावयाला दोन खोल्यांच्या घरात जागा नाही, आणि शेजारच्या भिंतीचाही विचार करावा लागतो. ‘संपूर्ण’ अनुभवाचे आश्वासन देणारी आवृत्ती ही घराच्या क्षेत्रफळाने ठरणारी आवृत्ती असते. ज्याच्याकडे ते क्षेत्रफळ नाही त्याच्या वाट्याला महाजालावरील यादीत वर दिसणारा पाठ येतो, आणि तो पुष्कळदा कोणता पाठ आहे याचा उल्लेखही नसतो. संच घेणाऱ्याला पाठभेद मिळतात. न घेऊ शकणाऱ्याला बदललेली संहिताच मूळ म्हणून मिळते. पाठचिकित्सा ही अशा रीतीने ऐपतीची बाब होते. या व्यवहारातील अन्याय येथे आहे.

७

शेवटी एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. स्थिर संहितेचा हा आग्रह मुळात पाश्चात्य आणि मुद्रणसंस्कृतीचा नाही काय? आपल्या परंपरेत बंदिश एक असते आणि गायक ती रोज निराळी गातो. जात्यावरची ओवी प्रत्येक घरी थोडी बदलते. कीर्तनकार मूळ अभंगाभोवती आपला विस्तार उभा करतो. मग पुनर्मिश्रणाला आपण का बिचकावे?

या आक्षेपातील पहिला भाग अर्धाच खरा आहे. ज्या परंपरेने ओवीला मोकळीक दिली तिनेच वेदांच्या पाठासाठी जटा आणि घन यांसारख्या रीती योजून एकेक अक्षर जखडून ठेवले. कशाला मोकळे सोडावयाचे आणि कशाला जपावयाचे, याचा विवेक परंपरेत होता. सरसकट तरलता तिला मान्य नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मौखिक परंपरेत बदल करणारा माणूस समोर बसलेला असतो. गायकाने जागा बदलली तर श्रोता मान हलवतो किंवा हलवत नाही. तो कोणाचा शिष्य, कोणत्या घराण्याचा, हे सर्वांना ठाऊक असते. बदलाला चेहरा असतो, म्हणून बदलाची जबाबदारीही असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या कॅसेट-बाजारात जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर नवे ताल आणि प्रतिध्वनी चढवून ‘झंकार’ आवृत्त्या निघाल्या, तेव्हा त्यांत खटकणारी गोष्ट बदल ही नव्हती. मूळ गायकाच्या नावाने आणि त्याच्या गैरहजेरीत कोणा अनामिकाने हात फिरवला होता, ती खटकणारी गोष्ट होती.

म्हणून पुनःप्रकाशनाची नीती तीन कर्तव्यांत सांगता येईल. बदल केला असेल तर तो सांगावा. नव्या पाठाने जुन्या पाठाची जागा बळकावू नये. आणि जुना पाठ केवळ धनिकांच्या संचात कोंडून न ठेवता सर्वसामान्य श्रोत्याला मिळेल असा ठेवावा. कर्त्याला, संपादकाला आणि कंपनीला ही कर्तव्ये सारखीच लागू आहेत. कृतीचा कर्ता तिच्यात भर घालू शकतो. तिचे पूर्वीचे पूर्णत्व मागे घेण्याचा हक्क मात्र त्याच्याकडे उरलेला नसतो.

हा विषय दूरच्या बेटावरील विद्युत-गिटारींचा वाटत असेल तर आपल्या दारातील परिस्थिती पाहावी. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’च्या पिढीतील मुद्रिका त्या सीमेशी येऊन ठेपल्या आहेत, आणि नाट्यसंगीताच्या व ख्यालगायनाच्या ७८ गतीच्या तबकड्या ती केव्हाच ओलांडून गेल्या. त्या आता कोणीही पुन्हा काढू शकतो. जुन्या तबकड्यांपैकी कित्येकांची गती नेमकी ७८ नव्हती; चुकीच्या गतीने उतरवलेली तबकडी गायकाची पट्टीच बदलते आणि त्याच्या गळ्याविषयी खोटी साक्ष देते. खरखर काढताना किती गाळावे यावर आवाजाचा पोत अवलंबून असतो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने या तबकड्यांच्या अभ्यासाची आस्था जागवली. तरीही बाजारात येणाऱ्या मराठी पुनःप्रकाशनांवर मुद्रणाचे वर्ष आणि साथीदारांची नावेसुद्धा बहुधा नसतात. कोणत्या तबकडीवरून, कोणत्या गतीने, काय गाळून हा पाठ सिद्ध केला, हे सांगणे तर दूरच.

पोथीचा पाठ सिद्ध करताना जी काटेकोर निष्ठा आपल्या विद्वानांनी दाखवली, ती ध्वनीच्या वाट्याला अजून आलेली नाही. विद्यापीठांतील मराठीच्या आणि संगीताच्या विभागांनी हे काम आपले मानले, तर ध्वनीच्या संहितेलाही पृष्ठाचा तळ मिळेल, जेथे वगळलेले पाठ नोंदवता येतील. तोवर जे बाजारात ‘मूळ’ म्हणून येईल, त्याच्याकडे संपादकाचे नाव आणि हिशेब मागण्याचा श्रोत्याचा हक्क तरी आपण सोडू नये.